राहिलेलं वाण

साईनगर, अमरावती
९ जानेवारी २०२३

प्रिय ईनबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमची मास्तरकी काही सुटली नाही. आता म्हाताऱ्या विहिणीलाही गृहपाठ देता. दर महिन्याला आयुष्यात कधी न केलेली एक गोष्ट करायची आणि ती एकमेकींना लिहून कळवायची, असं म्हणता. कबूल आहे. नाहीतरी मी सकाळी उठून करते काय? एका माणसाची भाजी चिरते आणि उरलेली संध्याकाळी खाते.

पण फोन नको. मागे तसं म्हटलं तेव्हा तुम्हांला वाटलं, मी रुसले. रुसले नाही हो. त्या एप्रिलात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं जिल्ह्याच्या हद्दी बंद होत्या. रागिणी तिकडे अकोल्याला तापात, मी इकडे. माझ्या लेकीचं तोंड मला शेवटचं पाहायला मिळालं ते फोनच्या काचेवर, तेही मध्येच अडकत होतं. तेव्हापासून घंटी वाजली की माझे हात गार पडतात. आणि बोलणार तरी काय? ती तुमची सून, माझी लेक, तिचं नाव निघालं की आपण दोघी नुसत्या रडतो. कागदावर निदान शब्द तरी पुढे सरकतात.

तर माझा पहिला पराक्रम ऐका. मी राजकमल चौकात गाडीवर एकटी उभी राहून गिला वडा खाल्ला. हसू नका. जन्मभर गिला वडा घरी पार्सल आला, मी तो ताटलीत काढून सगळ्यांना दिला आणि उरला तर खाल्ला. गाडीवाला म्हणाला, "माय, बांधून देऊ?" म्हटलं, "नाही, इथंच खातो." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "सोबत कोनी येऊन राहिलं काय?" "कोनी नाही. मीच आहो." मग त्यानं दही जरा जास्त घातलं. चटणी पदरावर सांडली. डाग अजून गेलेला नाही.

आता तुमची पाळी.

तुमची
गोदाबाई

~

जठारपेठ, अकोला
६ मार्च २०२३

प्रिय ईनबाई,
नमस्कार.

उशीर झाला, कारण धाडस जमवायला वेळ लागला. मी पोहायला जाते आहे. बायकांची दुपारची बॅच आहे. पोहण्याचा पोशाख म्हणून जे काही दुकानदाराने दिलं, ते अंगात चढवायला मला अर्धा तास आणि दोन अनोळखी बायका लागल्या. आरशात पाहिलं नाही. शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीची मुलगी निघाली. ती म्हणते, "आजी, पाण्याले भिऊ नका, अंग सैल सोडा." मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, ताठ बसा. आता सैल कसं सोडतात ते मला कोण शिकवणार?

पण परवा सुटलं. क्षणभर मी पाठीवर तरंगले. कान पाण्याखाली होते, कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. ईनबाई, दोन वर्षांत पहिल्यांदा मला काही आठवलं नाही. बाहेर आल्यावर त्याचीच लाज वाटली.

तुमचा जावई गजेंद्र ठीक आहे. दाढी करून ऑफिसला जातो, वेळेवर जेवतो. कधी कधी कुणाच्या तरी बोलण्यावर हसतोही.

एक विचारू? माणसानं एकटं किती दिवस राहावं असं तुम्हांला वाटतं? सहज विचारते आहे.

तुमची
पार्वताबाई

~

अमरावती
२९ मार्च २०२३

प्रिय ईनबाई,

तुमचा तो शेवटचा प्रश्न वाचून मला भरून आलं. घरात मुलगा असूनही तुम्हांला एकटं वाटतं, आणि ते सांगायलाही तुम्ही 'सहज' म्हणता. आमचे किसनराव गेले तेव्हा मला सगळे म्हणाले, सवय होईल. खोटं आहे ते. सवय होत नाही, फक्त दिवस निघतो. तुम्ही असं करा, महिनाभर माझ्याकडे राहायला या. गजेंद्रबापू डब्याचं जेवतील. आपण दोघी मिळून गाडीवाल्याला घाबरवू.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तर मी स्टँडवर गेले आणि समोर लागलेल्या गाडीत चढून बसले. गाडी मोर्शीची होती. मोर्शीत माझं कोणी नाही, काही काम नाही. शेजारी एक नईमाबी म्हणून बसल्या होत्या. दुपट्ट्यांना जरीचा गोटा लावायचं काम करतात, मांडीवर भलं मोठं गाठोडं. आम्ही संत्री सोलून खाल्ली. त्यांनी विचारलं, "लेकरं किती तुमाले?"

म्हटलं, "एक लेक आहे. अकोल्याले दिली."

"खुश है ना?"

"हो."

खोटं बोलायला मला जराही वेळ लागला नाही. पुढे तर मी सांगत सुटले. सासू शिकलेली आहे, जावई गरीब स्वभावाचा आहे, लेकीला खरं तर कामाचा कंटाळा पण सासू बोलत नाही. हे सगळं खरंच होतं, नाही का? उतरताना त्या म्हणाल्या, "बेटीले माझा सलाम सांगा." सांगते म्हटलं. परतीच्या गाडीत मात्र मी खिडकीकडे तोंड करून बसले.

तुम्हांला हे वेडेपणाचं वाटेल. पण ईनबाई, जोवर तुम्ही मला ईनबाई म्हणता, तोवर मी कुणाची तरी आई आहे. बाकी इथे मला कोण ओळखतं?

तुमची
गोदाबाई

~

अकोला
२४ एप्रिल २०२३

प्रिय ईनबाई,

तुमचं पत्र पोचलं. परवा रागिणीच्या दिवसाचं सगळं व्यवस्थित झालं. गजेंद्रने पान ठेवलं.

सध्या घराला रंग देणं चालू आहे, सामान इकडचं तिकडे झालं आहे. त्यामुळे यावेळी पराक्रम काही नाही. तुमच्याकडे यायचंही आता जमणार नाही आणि तुम्हीही इतक्यात इकडे येण्याचं मनात आणू नका. अकोल्याचं ऊन तुम्हांला ठाऊकच आहे.

तब्येतीला जपा.

पार्वताबाई

~

अमरावती
५ जुलै २०२३

प्रिय ईनबाई,

मे गेला, जून गेला, तुमचं पत्र नाही. मी दोन लिहिली, त्यांना उत्तर नाही. त्या पोहण्यात काही दुखलंखुपलं नाही ना? की माझ्या मोर्शीच्या खोटेपणाचा राग आला? राग आला असेल तर तसं लिहा. तुमचं रागावणं मला चालतं, तुमचं गप्प बसणं चालत नाही.

यंदा श्रावण अधिक आहे, कॅलेंडरात पाहिलंच असेल.

गोदाबाई

~

अकोला
४ ऑगस्ट २०२३

गोदाबाई,

कशी सुरुवात करावी ते कळत नाही. दोन महिन्यांत कितीदा तरी लिहायला बसले आणि 'प्रिय' एवढंच लिहून उठले. त्याच्यापुढचा शब्द लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही, तेच समजेना.

गजेंद्रचं लग्न झालं. मेच्या शेवटी, घरच्या घरी. मुलगी शेंदूरजनाघाटची, नाव मैना. तिचंही हे दुसरं, पहिलं मोडलेलं. मीच पुढाकार घेतला. तो चौतिसाव्या वर्षी माझ्यासारखा जगायला लागला होता. संध्याकाळ झाली की दिवा न लावता बसायचा. मार्चमध्ये मी तुम्हांला विचारलं होतं ते माझ्यासाठी नव्हतं, त्याच्यासाठी होतं. तुम्ही मलाच घरी राहायला बोलावलंत, आणि मग माझी हिंमत झाली नाही. त्यात ते वाक्य लिहिलंत, जोवर मी ईनबाई म्हणते तोवर तुम्ही कुणाची तरी आई आहात. ते वाचल्यावर मी लग्नाचं कोणत्या तोंडानं कळवणार होते?

परवा मी पोथीला गेले होते. परत आले तर टेबलावर अनारसे. मैना म्हणाली, "वलगावच्या एक मावशी आल्या होत्या विकाले. माझ्या आईनं वाणाले बत्तासे पाठवले, तिले अनारसे जमत नाहीत. मले वाटलं, सासरी पहिलाच अधिक, बत्तासे पाहून कोनी काही म्हनीन. म्हणून सगळेच घेतले." मोजले तर तेहतीस होते, जावयाच्या वाणाचे असतात तेवढेच.

मी एक उचलला. खसखशीच्या जागी तीळ. आपल्या दोन्हीकडच्या गोतावळ्यात तिळावर अनारसा थापणारी बाई एकच आहे, आणि त्यावरून मी तुम्हांला रागिणीच्या लग्नात नको इतकं बोलले होते.

संध्याकाळी गजेंद्रला वाण दिलं. त्यानं पहिला घास घेतला आणि त्याचं चावणं थांबलं. माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या अंगणात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. मैनेला वाटलं, अनारसे बिघडले.

तुम्ही दारापर्यंत आलात आणि विकून गेलात. माझ्या घरातून तुम्ही अशा परत गेलात. मला काय बोलायचं ते बोला.

पार्वताबाई

~

अमरावती
१२ ऑगस्ट २०२३

पार्वताबाई यांस,

बोलायचं म्हणून बरंच ठरवलं होतं. पण आधी झालं ते सांगते.

मागच्या अधिकात लॉकडाऊन होता. जावयाचं वाण राहिलं, तेव्हा रागिणी फोनवर म्हणाली, "आई, आता पुढच्या अधिकात दे." ते माझ्या मनात होतं. लेक नाही, पण जावई आहे, असं मी धरून चालले. तांदूळ भिजवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं, एका रात्रीत तळले. दिवा घेतला, तबक घेतलं, डबा मांडीवर धरून बसमध्ये बसले. ती गेल्यापासून मी अकोल्याला आले नव्हते. मूर्तिजापूरला उतरून परत फिरणार होते. पण वाटलं, महिन्याची कधी न केलेली गोष्ट हीच. तुम्हांला न कळवता दारात उभी राहीन आणि तुमची जरा फजिती करीन.

घंटी वाजवली. दार उघडलं त्या मुलीच्या हातात हिरवा चुडा होता. गळ्यात नवं मंगळसूत्र. सगळं एका नजरेत कळलं. ती म्हणाली, "कोन पाहिजे?"

कोण पाहिजे, ते मी तिला काय सांगणार होते? तिची नजर डब्याकडे गेली. "अनारसे आहेत काय, मावशी? विकून राहिल्या?"

म्हटलं, "हो. वलगावची आहो."

वलगाव का तोंडात आलं, माहीत नाही. तिला इतका आनंद झाला की मला आत बसवलं. पाणी दिलं. पार्वताबाई, आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. रागिणीच्या घरी मी चार वर्षांत आले ती दोनदा, उभ्याउभ्या, आणि कोरड्या घशानं परत गेले. मूल झालंच नाही. त्या घरचं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायले. अनारसे विकणारीला ते चालतं.

तिनं हातावर नोटा ठेवल्या, त्या पदराला बांधल्या. तबक आणि दिवा पिशवीतून काढलेच नाहीत.

मुलगी चांगली आहे. मला पंखा लावून दिला. हे लिहिताना माझी बोटं दुखतात, तरी लिहिते. गजेंद्रनं लग्न केलं याचा राग नाही. चौतीस म्हणजे काय वय आहे? राग तुमचा आहे. तुम्ही घराला रंग देता म्हणून मला लिहिलंत आणि मी इथे देवाला सांगत होते, बाईला बरं वाटू दे.

गोदाबाई

~

अकोला
३० ऑगस्ट २०२३

प्रिय गोदाबाई,

राग मान्य आहे. तो तसाच राहू द्या, मी तो कमी करायला लिहीत नाही.

एक मागणं आहे. आपल्यात गेलेल्या लेकीच्या जागी आलेली सून तिच्या आईबापांची लेक होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. ते तिची ओटी भरतात, सणाला माहेरी नेतात. पहिलीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, तिचा मान म्हणून. मी टाक करायला दिला आहे. मैनेला मी अजून अनारसेवाली कोण ते सांगितलेलं नाही, पण सांगते. तुम्ही तिला लेक म्हणा. म्हणजे तुम्ही या घरात समोरच्या दारानं याल, आणि मी तुम्हांला पुन्हा ईनबाई म्हणेन. मलाही तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे, जिच्यापाशी रागिणीचं नाव काढता येईल? या घरात आता ते नाव घेताना सगळे एकमेकांकडे बघतात. तिचा फोटो मी माझ्या खोलीत आणला आहे.

पोहणं सोडलं. जीव लागत नाही.

तुमची
पार्वताबाई

~

अमरावती
८ सप्टेंबर २०२३

पार्वताबाई,

नाही.

टाक सोनाराकडून परत घ्या आणि देवघरात ठेवा. त्या पोरीच्या गळ्यात माझी मेलेली लेक लटकवू नका. एक लग्न मोडून ती आली आहे, भीत भीत नांदते आहे, सासरी बत्तासे चालतील की नाही याची तिला काळजी. तिला तिच्या आईची लेक राहू द्या. मला पाहिलं की तिला दर वेळी रागिणी दिसेल, आणि तिला पाहिलं की मलाही. मी तिला लेक म्हणेन ते तोंडदेखलं असेल. लेकीच्या नावाखाली मी तसं करणार नाही.

आणि तिला सांगू नका. वलगावची मावशी आली होती, विकून गेली, एवढंच तिच्या लेखी राहू द्या. मला वचन हवं आहे तुमचं.

पोहायला जा. मी एकटीच मूर्खासारखी मोर्शीला जाऊन यायची का?

गोदाबाई

~

अकोला
१४ ऑक्टोबर २०२३

प्रिय गोदाबाई,

वचन दिलं. टाक देवघरात ठेवला. पोहायला गेले, आणि पाण्यात रडता येतं हे मला तिथे कळलं, कुणाला दिसत नाही.

पण आता माझ्यापुढे पेच आहे. मैना रोज विचारते, "आई, वलगावच्या मावशीचा पत्ता लागन काय? दिवाळीले त्यायचेच अनारसे पाहिजेत." तिनं भाजीवाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. रविवारी गजेंद्रला गाडी काढायला सांगत होती, वलगावला जाऊन शोधू म्हणून. काय सांगू तिला?

पार्वताबाई

~

अमरावती
४ नोव्हेंबर २०२३

पार्वताबाई,

काल मी येऊन गेले, हे तुम्हांला माहीत आहे. तुम्ही आतल्या खोलीत होता. पडद्याखाली तुमचे पाय दिसत होते. बाहेर आला नाहीत, बरं केलंत. आपल्या दोघींना ते सोंग निभावलं नसतं.

का आले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. वलगावात ती पोरगी दारोदार विचारत फिरेल आणि तिला कोणी भेटणार नाही, हे मनाला लागलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या घरात पाय टाकायला मला दुसरं निमित्त उरलेलं नाही.

दार जावयानं उघडलं. बारीक झाला आहे. माझ्याकडे पाहून त्याचे ओठ हलले, पण मागून मैनेनं विचारलं, "कोन आहे वो?" तेव्हा म्हणाला, "मावशी आल्या. अनारसेवाल्या." डबा त्यानं दोन्ही हातांनी घेतला, आत नेऊन स्वतः रिकामा केला, धुऊन पुसून आणून दिला. परत देताना खाली वाकला, डब्याचं झाकण पडलं होतं ते उचलायला. उठताना त्याचा हात माझ्या पायाला लागला. मला वाटतं मुद्दाम.

मी निघाले तर मैना फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मावशी, शेजारच्या काकूले भी पाहिजेत. मी सांगून ठेवलं तुमच्यासाठी." आणि तिनंच हाक मारली. आता माघार कशी घेणार? रिकामा डबा घेऊन मी कुंपणापाशी उभी राहिले.

त्या काकू बोलक्या आहेत. मला ओळखायचं त्यांना कारणच नव्हतं, मी तिथे कधी बसले नाही की जेवले नाही. अनारशांचं बोलणं झालं, मग तिळाचं झालं. त्या म्हणाल्या, "असे तिळाचे अनारसे रागिणी आनत होती माहेराहून. मले देत होती कुंपनावरून."

मैनेनं हळूच विचारलं, "कशा होत्या वो त्या, रागिणीताई?"

मी डबा छातीशी धरून उभी. आणि ती बाई सांगत गेली. रागिणी कपडे वाळत घालताना मोठ्यानं गाणी म्हणायची, सुरात नाही म्हणायची. पालीला इतकी भ्यायची की पाल दिसली की चपला न घालता यांच्याकडे पळत यायची. गजेंद्रला उशीर झाला की फाटकावर बसून शेंगा खायची आणि टरफलं त्याच्याच गाडीच्या सीटवर ठेवायची. पार्वताबाई, यातलं मला काही माहीत नव्हतं. माझ्या लेकीचं इतकं आयुष्य तिथे कुंपणापलीकडे पडून होतं आणि मी अमरावतीत बसून होते. माझ्यापुढे कोणी तिचं नाव काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. काल कुणाला माझी पर्वा नव्हती, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. मला वाटत होतं, ही बाई अशीच बोलत राहावी.

मग त्या म्हणाल्या, "पोरगी लई चांगली. पन तिची माय नाही आली वो शेवटी. लेक मरून राहिली अन् ते आली नाही. भ्याली असन बिमारीले."

मैना म्हणाली, "अशी कशी माय असन?"

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. बायका पाहतात तशा, वयानं मोठी बाई काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, "असते एखादी."

काकूंनी अनारसे सांगितले आहेत, लक्ष्मीपूजनाच्या आत. बसमध्ये कुठे बसले, कधी उतरले ते आठवत नाही. घरी येऊन तांदूळ भिजत घातले, कारण शब्द दिला होता.

आता ऐका. तुम्हांला मी वचन मागितलं होतं, ते अर्धं परत देते. मैनेला मी कोण ते सांगू नका. मी येईन, अनारसे देईन, कुंपणापाशी उभी राहीन, काकू जे सांगतील ते ऐकेन. माझं एवढ्यावर भागेल. पण रागिणीच्या आईबद्दल तिला एक सांगा. जे मी तुम्हांलाही आजवर सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार होतं?

रागिणी गेली त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला तशी मी निघाले. गाडी नव्हती, रिक्षा नव्हती. पिशवीत तिचा एक गाऊन आणि मोसंबीचा रस घेऊन उन्हात पायी बडनेऱ्यापर्यंत आले. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पुन्हा विनवलं, पुन्हा नाही म्हणाले. तिथेच एका झाडाखाली बसले, कोणी तरी सोडेल म्हणून. तुमचा दुसरा फोन आला तेव्हा मी त्या झाडाखालीच होते.

मैनेला एवढंच सांगा की तिची माय येत होती.

तुमची
गोदाबाई